पाच मिनिटं बसू द्या, मग आकडा सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं. १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन, त्यानिमित्त. कोणी भरवलं ते लिहीत नाही, कारण मुलं मनापासून राबत होती आणि माझं म्हणणं एका संस्थेपुरतं नाही. गणपतीत पेठापेठांतून अशी शिबिरं होतात. यंदाची सुरू होण्याआधी हे छापून यावं, म्हणून लिहिते आहे.

मी १०३ पायऱ्या चढून, दर्शन घेऊन उतरले होते. खाली टपरीवर अर्धा कप चहा घेतला आणि रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा स्टुलावर बसले, पाठ टेकायला काही नव्हतं. मुलानं कुर्त्याची बाही वर सारली, ती दंडावर गोळा होऊन काचू लागली. तिच्या खाली पट्टा गुंडाळला, तर तो पुरेना. टोकाला जेमतेम बोटभर चिकटला. हात मांडीवर सोडलेला. पट्टा फुगत असताना तो मुलगा नाव, वय, मोबाइल नंबर विचारत होता आणि मी सांगत होते. आकडा आला १७२/१०४. त्यानं लाल पेनानं त्याभोवती गोल काढला, "काकू, बीपी खूपच हाय आहे, आजच गोळी चालू करा" म्हणाला आणि पुढच्या माणसाला बसवलं. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं.

माझं वय ५७. भोसरीच्या एका कारखान्यात मापन प्रयोगशाळेत मी २७ वर्षं नोकरी केली. मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज तपासायचे आणि पुढच्या तपासणीच्या तारखेचं स्टिकर लावायचं, हे माझं काम. मशीनवरून उतरलेला पार्ट आम्ही कधीच लगेच मोजत नसू. खोली २० अंशांवर ठेवलेली असायची. पार्ट तिथे ठेवायचा, तो खोलीच्या तापमानाला आला की मग माप घ्यायचं. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, त्यामुळे गरम पार्टचं माप खोटंच येणार. पायऱ्या उतरून आलेली, चहा प्यालेली, बोलत असलेली मी म्हणजे गरम पार्टच होते. पण घरी पोचेपर्यंत हे मला सुचलं नाही. हातात लाल गोल काढलेली चिठ्ठी असली की शिकलेलं सगळं विसरायला होतं.

सोसायटीत पोचेस्तोवर तीन सल्ले मिळाले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, माझ्या गोळ्यांतली एक आत्ताच घ्या. एकांनी लसणाच्या पाकळ्या उपाशीपोटी गिळायला सांगितल्या. तळमजल्यावरच्या काकांनी जिभेखाली फोडायची गोळी आणून देण्याची तयारी दाखवली. त्यांच्या वडिलांना पूर्वी तशी देत असत. या तिसऱ्या सल्ल्याविषयी थोडं लिहितेच. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली देऊन दाब झटकन खाली आणण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. दाब असा एकदम कोसळला की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हे लक्षात आल्यावर ती बंद झाली. काका प्रेमानंच सांगत होते. पण घराघरांत अशी जुनी औषधं अजून डब्यात पडलेली आहेत, ती काढून टाका.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. दंड उघडा ठेवायला लावला, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवला, आणि दंडाचा घेर टेपनं मोजला. ३५ सेंटिमीटर. नेहमीचा पट्टा बहुतेक ३२ सेंटिमीटरपर्यंतच चालतो. म्हणून त्यांनी कपाटातून मोठा पट्टा काढला. लहान पट्टा जाड दंडाला बांधला की आकडा फुगून येतो, हे त्या दिवशी मला कळलं. हात खाली लोंबत ठेवल्यानंही तसंच होतं, आणि ते तर मला आपोआप समजायला हवं होतं. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचा दाब मापात मिसळतो, म्हणजे पाऱ्याच्या जवळपास ८ मिलिमीटरची भर.

दोन्ही हातांचा दाब घेतला, प्रत्येकी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. उजव्यात १५८/९६, डाव्यात १५०/९४. ज्या हातात जास्त येतो तोच हात पुढे नेहमी धरायचा. मी विचारलं, मग गोळी लिहून देता ना? त्या म्हणाल्या, "छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, अचानक कमी दिसणं, यातलं काही असतं तर तुम्हाला इथे बसवलंच नसतं, थेट इस्पितळात पाठवलं असतं. आकडा १८०/१२० च्या वर असता तरी थांबले नसते. तसं नाही. तेव्हा आठवडाभर घरी मोजा, रक्त-लघवी तपासून या, मग ठरवू."

घरी मोजायची रीत त्यांनी कागदावर लिहून दिली. मनगटाचं नको, दंडाचं यंत्र घ्यायचं, पट्टा आपल्या घेराचा बघून. सकाळी उठल्यावर चहाआधी दोनदा, रात्री झोपण्याआधी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण नव्या यंत्राशी ओळख होईपर्यंत माणूस धास्तावलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे, त्यांची सरासरी. दवाखान्यात मर्यादा १४०/९० मानतात, घरी मात्र १३५/८५. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थांनी २०१७ मध्ये हीच रेषा १३०/८० वर आणली. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात ती १४०/९० आहे. एकाच पार्टच्या दोन ड्रॉइंगवर दोन टॉलरन्स, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या दोन मर्यादा, असाव्यात तसं हे मला वाटलं. माझ्यापुरता प्रश्न लवकरच मिटला, कारण माझी सरासरी १५१/९२ निघाली. शिबिरातल्या आकड्यापेक्षा वरचा २१ नं कमी, पण कोणत्याही रेषेनं मोजलं तरी जास्तच.

मला इथे थांबून एक सांगायचं आहे. काहींचा दाब फक्त दवाखान्यात वाढतो आणि घरी सरळ असतो. पांढरा कोट बघून वाढलेला. काहींचं उलटं, दवाखान्यात सरळ आणि घरी-कामावर जास्त. दुसऱ्या प्रकारचे लोक कुठल्याच शिबिरात सापडत नाहीत. घरचे आकडे हवेत ते दोघांसाठीही. शंका उरली तर २४ तास दंडाला लावून ठेवायचं यंत्रही मिळतं, ते रात्री झोपेतही मोजत राहतं.

रक्ताच्या तपासण्या फार नव्हत्या. क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतली प्रथिनं, इसीजी, आणि डोळ्याचा पडदा बघून घेणं. दाबानं आधीच कुठे इजा केली आहे का, आणि दाबाच्या मागे दुसरं काही लपलं आहे का, हे दोन्ही यातून कळतं. माझं सगळं ठीक होतं. एक सोडून. पोटॅशियम ३.२. ते साडेतीनच्या वर हवं.

तो कागद बघून डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "घशासाठी काही घेता का?"

मी घेत होते. उन्हाळ्यात आमच्या रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, धुळीनं घसा धरला होता. आईच्या वेळेपासूनचा उपाय म्हणजे ज्येष्ठमध. सकाळ-संध्याकाळ काढा, आणि दिवसभर काडी चघळायची. दीड महिना झाला होता. मला ते औषधच वाटत नव्हतं, म्हणून 'कुठली औषधं चालू आहेत' या प्रश्नाला मी 'काही नाही' असं उत्तर दिलं होतं. ज्येष्ठमध रोज आणि बराच काळ पोटात गेलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम सोडून देतात. दाब वाढतो. दोन दिवस घसा बसला म्हणून काडी चघळली तर बिघडत नाही, पण मी काढ्याची कढई उतरूच देत नव्हते.

पुढचा प्रश्न गुडघ्यांचा. पर्वती चढते म्हणून गुडघे दुखतात आणि गुडघे दुखतात म्हणून गेले दोन महिने रोज डायक्लोफेनॅकची गोळी, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून, चिठ्ठीशिवाय. तीही मी सांगितली नव्हती. अशा वेदनाशामक गोळ्यांनीही दाब चढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो तो वेगळाच. सर्दीच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या यांचंही तेच. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, हेही विचारलं. माझं तसं काही नाही, पण ज्यांचं आहे त्यांनी हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं, कारण त्यातूनही दाब वाढतो आणि त्याला वेगळा उपचार आहे.

ज्येष्ठमध आणि डायक्लोफेनॅक, दोन्ही बंद केलं. गुडघ्यांना व्यायाम आणि वरून लावायचं मलम. तीन आठवड्यांनी पोटॅशियम ४.१ आणि घरची सरासरी १४३/८८. पोटॅशियम वर आलं नसतं तर मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून निघणाऱ्या अल्डोस्टेरॉनची तपासणी करावी लागली असती. ती वेळ आली नाही. दाबही उतरला, पण मर्यादेत आला नाही. माझ्या आईला दाब होता, माझं वजन जास्त आहे, आणि घरात वर्षाची लोणची, सांडगे, कुरडया, पापड मी स्वतः करते. ज्येष्ठमध हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं. तेव्हा डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली आणि मी त्याच दिवशी चालू केली.

त्याच दिवशी का, ते सांगण्यासाठी मला माझ्या दादाविषयी लिहावं लागेल. हा भाग लिहायचा की नाही यावर मी चार दिवस घालवले.

दादा सासवडजवळ शेती करतो. अंजीर आणि सीताफळ. काही वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात त्याचा दाब १७० वर १०० निघाला. त्यानं संध्याकाळी मला फोन केला. मोजमापातलं मला कळतं, हा त्याला भरवसा. मी विचारलं, कितीदा मोजलं? एकदाच, तो म्हणाला. मी म्हटलं, "दादा, एका रीडिंगवर विश्वास ठेवू नको." तो म्हणाला, "मलाही तेच वाटलं. मला कुठे काय होतंय? डोकं दुखत नाही, चक्कर नाही." मग आम्ही अंजिराच्या भावाविषयी बोललो.

मी जे बोलले ते अर्धंच होतं. कारखान्यात आम्ही एखादं रीडिंग नाकारलं तर तो पार्ट बाजूला काढायचो, लाल खूण लावायचो आणि पुन्हा मोजायचो. रीडिंगवर शंका आहे म्हणून पार्ट तसाच पुढे गेला असं २७ वर्षांत एकदाही झालं नाही. भावाच्या बाबतीत मी ते होऊ दिलं. 'पुन्हा मोज' हे दोन शब्द मी त्या फोनवर बोलले नाही, आणि नंतरही विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका पहाटे त्याचा उजवा हात उचलेना, बोलणं जड झालं. घरच्यांना वाटलं, रात्री पाणी भरायला उभा होता, अंग धरलं असेल. मीठ-साखरेचं पाणी दिलं, झोपवलं. पुण्याला आणेपर्यंत दुपार झाली होती. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ निघून गेली होती. दादा आहे. चालतो, काठी धरून. गावच्या भजनी मंडळात तो पुढे असायचा. आता चाल आठवते, शब्द मध्येच अडतात आणि तो आमच्याकडे बघतो.

रक्तदाबाला बहुतेकदा काहीच लक्षणं नसतात. 'मला काही होत नाही' हे म्हणूनच कुठल्याही बाजूचा पुरावा होत नाही. यंत्र बरोबर बसलेलं आणि माणूस शांत बसलेला असताना आलेला आकडाच काय ते सांगतो.

गोळीविषयी थोडक्यात. मला अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम दिली. महिनाभरात दाब १३२/८२ झाला, पण संध्याकाळी घोट्यांवर सूज यायला लागली. मी गोळी मनानं सोडली नाही, जाऊन सांगितलं. तिच्याऐवजी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम मिळाली आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन पुन्हा बघितलं. आता सूज नाही, आकडाही तिथेच आहे. ही माझी गोळी आहे, शेजारच्या वहिनींची वेगळी आहे, आणि गरोदर बाईला तर माझी गोळी अजिबात चालत नाही. म्हणून कोणाची गोळी कोणी घेऊ नये. 'एकदा चालू केली की जन्माची' हे मला दहा जणांनी ऐकवलं. दाबच बहुधा जन्माचा असतो. गोळी बंद केली की तो परत वर जातो. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होऊ शकतो, पण ते मोजून आणि डॉक्टरांना विचारून.

मिठाचं मी सर्वांत जास्त मनावर घेतलं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात सगळं आलं. मी एक दिवस काट्यावर मोजून बघितलं. आमटी-भाजी-कणीक यांतच माझ्या वाट्याचं तेवढं झालं. वर लोणच्याची फोड, भाजलेला पापड, ताकातलं मीठ, चहाबरोबर खारी. आता पानातलं मीठ वाढणं बंद केलं, ताक सैंधवाशिवाय, फक्त जिरं आणि कोथिंबीर घालून. सैंधव म्हणजेही मीठच, त्यानं दाब वाढत नाही हा समज खरा नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत किंवा ज्यांना माझ्यासारखी गोळी चालू आहे, त्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. लोणचं यंदाही घातलं, निम्म्या कैऱ्यांचं. मुलाकडे पाठवायचं असतं.

आता शिबिरांविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा दाब वाढलेला किंवा त्यासाठी औषध चालू असलेला आढळला. एवढ्या माणसांपर्यंत दवाखाने पोचणार नाहीत, शिबिरं हवीतच. दाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. महापालिकेच्या दवाखान्यांत दाब मोजून मिळतो. म्हणजे माणूस पुढे पाठवायला जागा आहे. पाठवणारा हवा.

मंडळांना माझी विनंती आहे की मांडवाच्या आवाजापासून दूर, पाठ टेकायच्या चार खुर्च्या ठेवाव्यात. माणूस आला की आधी नाव-नंबर लिहून घ्यावा आणि मग पाच मिनिटं काही न बोलता बसवावं. चहा-तंबाखू घेतलेल्याला अर्ध्या तासानं बोलवावं. मोठा पट्टा जवळ ठेवावा. दोनदा मोजावं. आणि आकडा जास्त निघाला तर 'गोळी चालू करा' असं सांगू नये, 'काही नाही हो, होतं असं' असंही सांगू नये. चिठ्ठीवर पुन्हा मोजण्याची तारीख आणि जवळच्या दवाखान्याचं नाव लिहावं. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं अशी वर लिहिलेली लक्षणं असतील तर मात्र चिठ्ठी नाही, सरळ १०८ ला फोन.

आणि एक विनंती आपल्याला, संपादक महोदय. शिबिराच्या बातमीत 'इतक्या नागरिकांनी लाभ घेतला' असा आकडा आपण छापता. त्यातल्या किती जणांनी महिन्याभरात दुसऱ्यांदा दाब मोजून घेतला, हा आकडाही आयोजकांकडे मागावा. तो छापला जाणार आहे हे माहीत असेल तर ते ठेवतील.

माझ्याकडे मोठ्या पट्ट्याचं यंत्र आहे. जुलैत दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून बघितलं आहे, मागे तारखेचं स्टिकर लावलं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पुढचं शिबिर असेल तेव्हा सकाळी सहापासून मी येईन, दोन घडीच्या खुर्च्याही आणीन. दादाही येणार आहे. त्याला बोलायला वेळ लागतो, पण लोकांना पाच मिनिटं गप्प बसवायचं काम तो करीन म्हणतो.

आपली,
एक निवृत्त मापन-तंत्रज्ञ,
सहकारनगर, पुणे
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)